सतराशे मनुष्यदिवस आणि एक गवंडी

गावाच्या पाण्याच्या कामातल्या टाकीच्या भिंतीचे काम सुरू झाले त्या दिवशी सकाळी सातच्या आत चौतीस माणसे जागेवर हजर झाली. गवंडी एकच होता. दगडी बांधकामात एका गवंड्याच्या हाताखाली किती माणसे लागतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. एक माल कालवायला, एक घमेले पोचवायला आणि दोघे दगड निवडून हाताशी द्यायला, अशी चार माणसे त्याला पुरतात आणि पाचवे माणूस पायात येते. तरीही आदल्या संध्याकाळच्या बैठकीत ‘उद्या टाकीचे काम आहे, सगळ्यांनी यावे’ असे सांगितले गेले होते आणि सांगणारा मीच होतो. उरलेली तीस माणसे फावड्याच्या दांड्यावर हात टेकवून गवंड्याचा ओळंबा पाहत उभी राहिली, मग सावलीला बसली आणि अकराच्या सुमारास एकेक करून उठून गेली. कोणी रागावले नाही, कोणी तक्रारही केली नाही. दुसऱ्या दिवशी चर खोदायला, म्हणजे जिथे खरोखर तीस माणसे हवी होती तिथे, नऊ जण आले.

काम होते डोंगरातल्या झऱ्याचे पाणी उताराने गावात आणण्याचे. झऱ्यापासून शेवटच्या नळकोंडाळ्यापर्यंत 3,600 मीटर पाइप, दोन्ही टोकांत 95 मीटर उंचीचा फरक, मध्ये दाब तोडणारी एक छोटी टाकी, गावाच्या वरच्या अंगाला 20,000 लिटरची साठवण टाकी आणि नऊ नळकोंडाळी, एवढा त्याचा पसारा होता. दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढतो; म्हणजे मध्ये टाक्या नसत्या तर रात्री नळ बंद असताना खालच्या पाइपवर साडेनऊ किलोचा दाब आला असता आणि आमचा पाइप सहा किलोचा दाब सोसणारा होता. हा आराखडा दुसऱ्या जाणकारांनी काढलेला होता. साहित्य आणि गवंड्याची मजुरी बाहेरच्या निधीतून मिळणार होती, अकुशल श्रम गावातल्या 112 घरांनी द्यायचे होते आणि कोणत्या दिवशी कोणी काय करायचे याची जुळणी माझ्याकडे आली होती. या कामाचा मला कागदावरचा अनुभव पुष्कळ होता.

पहिले काम श्रमांचा अंदाज काढण्याचे होते. चर 50 सेंटिमीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर खोल घ्यायचा होता, म्हणजे मीटरमागे 0.45 घनमीटर आणि एकूण 1,620 घनमीटर खोदाई. पण सगळी माती सारखी नसते, म्हणून आम्ही पहार घेऊन संपूर्ण मार्गावर दर वीस मीटरला ठोकून पाहत चाललो आणि मार्गाचे तीन भाग पाडले: 2,200 मीटर मऊ माती, 1,100 मीटर कठीण मुरूम आणि तीन तुकड्यांत मिळून 300 मीटर खडक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने श्रमप्रधान रस्तेकामांसाठी मातीच्या प्रकारानुसार एका माणसाच्या दिवसाच्या खोदाईची मापे सुचवलेली आहेत. ती रोजंदारीवर काम करणाऱ्या, दिवसभर थांबणाऱ्या आणि सरावलेल्या मजुरांना लागू पडतात. स्वतःच्या शेतातून चार-पाच तास काढून येणाऱ्या माणसाला ती जशीच्या तशी लावणे मला बरोबर वाटले नाही. म्हणून दोन सकाळी तिन्ही प्रकारच्या जमिनीत प्रत्येकी सहा जणांना खोदायला लावून घड्याळ लावले. त्यावरून एका सकाळचे माप मऊ मातीत 6 मीटर, मुरुमात 3 मीटर आणि खडकात 1 मीटर असे ठरले. एका माणसाची एक सकाळ म्हणजे एक मनुष्यदिवस धरला, तर नुसत्या खोदाईचेच 1,034 मनुष्यदिवस झाले. ठोकून ठोकून चर बुजवण्याचे आणखी 240.

वाहतुकीचा हिशेब मात्र मी सुरुवातीला विसरलोच होतो आणि नवशिक्याची यापेक्षा मोठी चूक मला सुचत नाही. ट्रक जिथे थांबत होता तिथून टाकीची जागा 600 मीटर लांब आणि चढावर होती. एक घनमीटर कोरड्या वाळूचे वजन 1,600 किलोच्या आसपास भरते, खडीचेही जवळजवळ तेवढेच. एका खेपेला 25 किलो धरले तर एका घनमीटरला 64 खेपा होतात. आम्हाला वाळू आणि खडी मिळून 36 घनमीटर लागणार होती. सिमेंटची 160 पोती अर्धी अर्धी करून न्यायची म्हणजे त्याच्या 320 खेपा वेगळ्या. सगळ्या मिळून 2,600 च्या वर खेपा, आणि माणसाने त्या चढावर सकाळभरात बारा खेपा केल्या तरी खूप. हे 219 मनुष्यदिवस अंदाजपत्रकात कुठेच नव्हते, कारण ते काढणाऱ्यांनी साहित्य ‘जागेवर पोच’ धरले होते आणि त्यांची जागा ट्रकपाशी संपत होती.

दगड गोळा करणे, पाणी वाहणे, गवंड्याच्या हाताखालची माणसे असे सगळे धरून आकडा 1,720 मनुष्यदिवसांवर गेला. तो बैठकीत सांगितला तेव्हा एका हुशार तरुणाने लगेच भागाकार केला: 112 घरे, घरटी एक माणूस, म्हणजे सोळा दिवसांत काम उरकते. बैठकीत समाधान पसरले. मला तो भागाकार चुकीचा आहे हे कळत होते, पण का चुकीचा आहे हे त्या क्षणी दोन वाक्यांत सांगता आले नाही आणि मी गप्प बसलो. आता सांगता येते. खडकाच्या कामाला घण आणि छिन्न्यांचे संच आठच होते, त्यामुळे तिथे शंभर माणसे आली तरी आठच राबणार होती. चरात दोन माणसांमध्ये तीन-चार मीटर अंतर नसेल तर एकाची कुदळ दुसऱ्याच्या पाठीवर येते. काँक्रीट ओतल्यावर त्याला माणसे नको असतात, दिवस हवे असतात. आणि 112 घरांतली 112 माणसे एकाच सकाळी मोकळी असण्याचा दिवस वर्षातून एकदाही उगवत नाही.

मी घरोघर जाऊन विचारायचे ठरवले ते वेळापत्रक लिहून झाल्यावर; खरे तर ते आधी करायला हवे होते. कापणी संपल्यापासून पुढच्या पेरणीच्या तयारीपर्यंत बारा आठवडे मिळत होते आणि आठवड्याचे सहा दिवस धरून कामाचे 72 दिवस होत होते. पण घरे विचारत गेलो तसे या बहात्तर दिवसांचे रूप बदलत गेले. काहींची मळणी पहिले तीन आठवडे चालणार होती. दहा-बारा घरांतले कर्ते पुरुष याच काळात बाहेर मजुरीला जात, कारण वर्षाचा रोख पैसा त्यांना याच काळात मिळत असे. चार घरांत एकटी म्हातारी माणसे होती. बहुतेक घरांनी आठवड्यातून दोन सकाळी सांगितल्या, आणि त्याही कोणत्या ते आठवडा उजाडल्याशिवाय नक्की करता येत नव्हते. मी प्रत्येक घरासाठी एक आडवी ओळ आणि प्रत्येक आठवड्यासाठी एक उभा रकाना आखून त्यात ‘येऊ शकणारी माणसे’ भरली, तेव्हा सरासरी दिवसाला तीसच्या आतबाहेर माणसे आणि काही आठवड्यांत पंधरादेखील नाहीत, असे चित्र निघाले.

कामाच्या नियोजनाची जी शास्त्रे आपण शिकतो ती कारखान्यांत आणि मोठ्या सरकारी प्रकल्पांत जन्मली. कोणते काम कधीपासून कधीपर्यंत हे दाखवणारा पट्ट्यांचा जो तक्ता अमेरिकी अभियंते हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जातो, तशी आकृती पोलंडचे अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी 1896 मध्येच योजली होती. कोणत्या कामांच्या साखळीवर सगळी मुदत ठरते हे शोधणारी ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत 1957 च्या सुमारास ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत तयार झाली आणि कामाला लागणाऱ्या दिवसांची अनिश्चितता हिशेबात धरणारी ‘पर्ट’ ही पद्धत 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. कोणते काम कोणत्या कामासाठी अडून राहते हे शोधायला या पद्धतींचा आम्हालाही फार उपयोग झाला. पण बोलावलेला माणूस येणारच हे त्यांनी धरून चालवलेले असते, कारण तिथे तो पगारी असतो. आमच्याकडे दहा नावे लिहिली की सात माणसे येत. हे प्रमाण पहिल्या दोन आठवड्यांतच कळले आणि पुढे ते फारसे हलले नाही. त्यामुळे वीस माणसांचे काम असेल तेव्हा मी एकोणतीस नावे लिहू लागलो. कधी सगळेच आले तर काय, याचीही सोय ठेवावी लागे. ती सोय म्हणजे दगडांची रास: जास्तीच्या माणसांनी नाल्यातून दगड आणून टाकीजवळ रचायचे. हे काम कधीही सुरू करता येते, कधीही थांबवता येते आणि त्याला गवंडी लागत नाही. असे एक पडीचे काम हाताशी असले पाहिजे, हे मला त्या चौतीस माणसांच्या सकाळनंतर सुचले.

खडकाचा हिशेब मांडला तेव्हा सगळ्या वेळापत्रकाची चावी तिथे आहे हे लक्षात आले. 300 मीटर, रोज आठ माणसे, माणशी एक मीटर, म्हणजे 38 दिवस. सगळे सुरळीत झाले तर 30 आणि खडक फार कठीण निघाला तर 64 असा आमच्यातल्या दगडफोड्यांचा अंदाज होता. ‘पर्ट’च्या सूत्रात सर्वांत संभाव्य, म्हणजे इथे 38 या, आकड्याला चौपट वजन देऊन तिन्हींची बेरीज सहाने भागतात, तसे केल्यावर 41 दिवस आले. बहात्तरांपैकी एक्केचाळीस. मऊ मातीचे 2,200 मीटर मात्र रोज पंचवीस माणसे मिळाली तर पंधरा दिवसांत होणार होते. तेव्हा खडक पहिल्या दिवशी सुरू व्हायला हवा होता आणि मऊ माती शेवटी घेतली तरी चालणार होते.

गावाच्या समितीला हे पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. गावाजवळची मऊ माती आधी खोदली तर येणाऱ्याजाणाऱ्याला काम दिसेल, लोकांचा विश्वास बसेल, असे त्यांचे मत होते. डोंगरात आठ माणसे आठ मीटर खडक फोडताना कोणाला दिसणार? मी तडजोड केली आणि दोन्ही टोकांनी एकदम सुरुवात केली. गावाजवळचा चर पहिल्या दहा दिवसांत भराभर पुढे गेला, लोकांचा उत्साह पाहण्यासारखा होता, आणि पाइप मात्र आला नव्हता. पुरवठादाराने दिलेली तारीख उलटून सतरा दिवस गेले. त्या काळात एका रात्री अवकाळी पाऊस झाला आणि उघड्या चराच्या 240 मीटर लांबीच्या कडा ढासळून आत आल्या. सुदैवाने रात्र होती. एक घनमीटर ओली माती पावणेदोन टनांच्या घरात जाते आणि कमरेएवढ्या चरात वाकलेल्या माणसाला तेवढी पुरे होते. सकाळी ज्यांनी तो भाग खोदला होता ते काठावर उभे होते. त्यांतल्या एका मावशींनी मला विचारले, “साहेब, आता हे आमच्या हजेरीत पुन्हा धरणार का, का फुकटच उपसायचे?” मी पुन्हा धरू असे सांगितले. चाळीस मनुष्यदिवस हिशेबात वाढले, आणि ते वाढवल्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. त्या दिवसापासून गोदामात जेवढा पाइप तेवढाच चर, हा नियम आम्ही फळ्यावर लिहून टाकला.

मापाची काठी हा आमच्या कामातला सर्वांत उपयोगी शोध होता. सरळ बांबूवर 90 सेंटिमीटरला खाच आणि खालच्या टोकाला 50 सेंटिमीटरची आडवी पट्टी. चरात उभी धरली की खोली आणि रुंदी एकाच वेळी कळते. सुरुवातीला आम्ही नुसती हजेरी घेत होतो, त्यामुळे सात वाजता येऊन अकरापर्यंत मातीवर ओरखडे काढणारा आणि साडेनऊला घामाघूम होऊन पूर्ण लांबी संपवणारा यांची नोंद सारखीच होत होती. दुसरा माणूस हे किती दिवस सहन करील? म्हणून आम्ही काम उक्ते दिले: आदल्या संध्याकाळी मार्गावर फक्कीने 6 मीटर, 3 मीटर असे तुकडे पाडून ठेवायचे, सकाळी येणाऱ्याने आपला तुकडा घ्यायचा, काठी तळापर्यंत मोकळी उतरली की त्याचा दिवस भरला आणि तो घरी जायला मोकळा. बरेच जण उजाडण्याआधी येऊन आठच्या आत परत जाऊ लागले. ज्या घरांनी ‘वेळ नाही’ म्हणून कमी दिवस लिहिले होते त्यांचेही दिवस वाढले, कारण त्यांच्याकडे पूर्ण सकाळ नसली तरी अडीच तास होते. एक दोष राहिला तो सांगतो. तुकड्याच्या मधोमध मोठा दगड निघाला तर तो ज्याच्या नशिबी आला त्याच्यावर अन्याय होई. त्यासाठी तिथल्या तिथे माप कमी करण्याचा अधिकार दोन जाणत्या माणसांना दिला, आणि त्यावरून जेवढे वाद झाले तेवढे बाकी सगळ्या कामात मिळून झाले नाहीत.

वाहतुकीचा प्रश्न ज्या रीतीने सुटला तिचे श्रेय माझे नाही. मी सगळे काम सकाळी साडेसहाला लावले होते आणि बायका कमी येतात म्हणून एका बैठकीत जरा नाराजीनेच बोललो. त्यावर मागे बसलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारले की सकाळी साडेसहाला आम्ही कुठे असतो हे तुम्हाला माहीत आहे का. त्या वेळी त्या झऱ्यावर असत, पाणी भरत. ज्या कामामुळे त्यांची ही पायपीट थांबणार होती त्याच कामाला यायला ती पायपीटच आड येत होती, आणि हे माझ्या तक्त्यात कुठेही दिसत नव्हते, कारण घरोघर विचारताना मी बहुतेक ठिकाणी घरातल्या पुरुषाशीच बोललो होतो. त्यांनी सुचवले की वाळू-खडीच्या खेपा उन्हे कलल्यावर चार ते सहा या वेळात ठेवाव्यात, पूर्ण दिवसाच्या बारा खेपांऐवजी सहा खेपा ठेवून त्यांना अर्धा दिवस धरावा आणि टाकीजवळच्या झाडाखाली लहान मुलांना सांभाळायला एका वयस्क बाईंना बसवावे व त्यांचाही तो अर्धा दिवस मोजावा. तसे केले. एकट्या राहणाऱ्या चार म्हाताऱ्या माणसांपैकी दोघींचा वाटा याच मार्गाने पुरा झाला. उतारावरून वाळू पसरू नये म्हणून घमेल्याऐवजी सिमेंटची रिकामी पोती अर्धी भरून वापरण्याची युक्तीही त्यांचीच.

काँक्रीटच्या दिवसाला मी सर्वांत जास्त घाबरत होतो आणि तोच दिवस सर्वांत चांगला पार पडला. टाकीच्या वरच्या स्लॅबला सुमारे अडीच घनमीटर काँक्रीट लागणार होते, सिमेंटची वीस-एकवीस पोती. स्लॅब एका दमात व्हावा लागतो. मध्येच थांबून दुसऱ्या दिवशी जोड दिला तर तो जोड कायमचा कच्चा राहतो. पाणी घातल्यावर कालवलेला माल अर्ध्या तासाच्या आत जागेवर पडला पाहिजे, म्हणून एकदम जास्त कालवून ठेवण्याचीही सोय नव्हती. गवंड्याशी बसून माणसांची जागा न् जागा ठरवली: सहा जण कालवायला, दहा जण घमेल्यांच्या साखळीत, तिघे पाण्याला, दोघे सळईने माल ठासायला आणि एक जण पोती व मापाच्या पेट्या मोजायला. एकूण बावीस. साखळीतल्या दोन माणसांमध्ये हात लांबवून घमेले घेता येईल एवढेच अंतर ठेवले आणि रिकामी घमेली परत यायला दुसरी बाजू. या वेळी ‘सगळ्यांनी यावे’ असे सांगितले नाही. आदल्या दिवशी बावीस घरांत जाऊन प्रत्येकाला त्याची जागा सांगितली, सहा जणांना ‘कोणी आले नाही तर तुम्ही’ असे सांगून ठेवले, आणि बावीसच्या बावीस आले. ‘तू साखळीत सातवा’ असे ज्याला सांगितलेले असते तो सहसा चुकत नाही, हे मला तेव्हा दिसले. तोपर्यंत माणसे उदासीन आहेत असे मी समजत होतो. सात वाजता पहिले घमेले चढले आणि पावणेबाराला गवंडी रंधा फिरवून खाली उतरला.

नंतरचे दिवस रिकामे दिसतात, पण तसे नसतात. काँक्रीटला निदान सात दिवस आणि कोरड्या उन्हात दहा दिवस ओले ठेवावे लागते, आणि आम्ही सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, चौदा दिवस काढले नाही. पाणी मारण्याचे काम दिवसातून तीनदा पाऊण तासाचे आहे. ते मोठे नसल्यामुळे कोणाचेच नसते. दाब तोडणाऱ्या छोट्या टाकीच्या वेळी ते ‘सगळ्यांनी मिळून’ करायचे ठरले होते आणि तिसऱ्या दिवशी टाकी पांढरी कोरडी पडलेली मी स्वतः पाहिली. मोठ्या टाकीसाठी जवळच्या दोन घरांना रोजचा अर्धा-अर्धा दिवस लावून दिला आणि गोणपाट घातले. टाकी आधीच्या आठवड्यांत घेतल्याचा फायदाही इथे झाला: तिची वाट पाहण्याचे दिवस आणि खडक फोडण्याचे दिवस एकमेकांवर पडले, त्यामुळे माणसे तिकडे राबत होती आणि टाकी आपोआप पक्की होत होती.

पाइपने मात्र एक धडा दिला जो वेळापत्रकाचा आहे असे आधी कोणालाच वाटले नसते. काळा एचडीपीई (एक प्रकारचे प्लास्टिक) पाइप उन्हात तापला की लांबतो. 100 मीटर लांबीत 20 अंशांच्या फरकाला 30 ते 40 सेंटिमीटर. आम्ही दुपारी बारा वाजता, कडक उन्हात, ताठ ओढून जोडणी केली आणि चर उघडा ठेवून घरी गेलो. रात्रीच्या गारठ्यात पाइप आखडला आणि सकाळी दोन जोड निसटलेले सापडले. प्लंबर म्हणाला, “ताणून बसवलेला पाइप झोपेत अंग आखडतो.” पुढे पाइप चरात किंचित नागमोडी सोडून ठेवायचा, आणि जोड उघडे ठेवून मधल्या भागावर पहाटेच्या गारव्यात माती लोटायची असे ठरले. म्हणजे चर बुजवणारे पहाटे, त्यांच्या मागोमाग पुढच्या तुकड्यातले खोदणारे आणि दुपारी फक्त प्लंबर व त्याचा एक मदतनीस, अशी पाळी लागली. पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय जोडांवर माती टाकायची नाही हे सांगून सांगून माझा घसा बसला, तरी दोन ठिकाणी उत्साही मंडळींनी ती टाकलीच आणि मग उकरली.

एका निर्णयावरून गावात अजूनही दोन मते आहेत. पाचव्या आठवड्यात खडकाचे काम चाळीस मीटरने मागे होते आणि रोज तीच आठ-दहा माणसे घण मारून थकत चालली होती. समितीने दोन दगडफोड्यांना मजुरी देऊन आणले. फुकट राबणाऱ्यांच्या शेजारी पैसे घेऊन राबणारा उभा राहिला की मनात कुसळ जातेच. ‘मग आम्हालाही द्या’ असे दोन दिवस ऐकावे लागले, आणि तिसऱ्या दिवशी काही जण खरेच आले नाहीत. तरीही मी त्या निर्णयाच्या बाजूने होतो आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा असेन. ज्या कामावर सगळे वेळापत्रक अडून बसले आहे तिथला एक दिवस वाचला की सगळ्यांचा एक दिवस वाचतो. मऊ मातीत वाचलेला दिवस कोणाच्याच उपयोगाचा नसतो. मात्र ही गोष्ट आम्ही आणण्याआधी बैठकीत मांडायला हवी होती, आणल्यानंतर नव्हे.

बारा आठवड्यांचे काम साडेतेरा आठवडे चालले. 1,720 मनुष्यदिवसांचा अंदाज प्रत्यक्षात 1,986 वर गेला. त्यातले चाळीस ढासळलेल्या चराचे, तीस त्या टाकीच्या सकाळचे (मी ते हजेरीत धरले, कारण माणसे आली होती, काम मी ठेवले नव्हते) आणि बाकीचे बहुतेक खडकाचे. शेवटच्या दीड आठवड्यात नांगर बाहेर पडले आणि हजेरी सात-आठवर आली, त्यामुळे गावालगतचा 180 मीटर चर बुजवायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात सुरुवातीला आम्ही त्याच्या सहापट लांबी खोदली होती. पाणी एका दुपारी शेवटच्या कोंडाळ्यावर आले, आधी हवा फुसफुसत, मग लाल गढूळ, मग वीस-पंचवीस मिनिटांनी स्वच्छ. ‘सकाळी साडेसहाला आम्ही कुठे असतो’ असे विचारणाऱ्या बाई तिथे नव्हत्या. त्या शेतावर गेल्या होत्या.

हजेरीच्या फळ्यावर अजून सहा घरांचे मिळून एकोणीस दिवस बाकी दिसतात. व्हॉल्व्हच्या तीन चौकोनी खड्ड्यांवर काँक्रीटची झाकणे ओतायची राहिली आहेत आणि सध्या त्यांवर फळ्या टाकून दगड ठेवले आहेत. त्या कामाला एक गवंडी, पाच माणसे आणि एक सकाळ लागेल, मग आठवडाभर पाणी मारायला एक घर. सहाही घरांना मी त्यांच्या जागा सांगून ठेवल्या आहेत. तारीख पेरणी संपल्यावर ठरेल.